किल्लीवाल्या साहेबांस खुले पत्र

साहेब,

तुमचं नाव मी लिहीत नाही, तुमच्या विद्यापीठाचंही नाही. पहिल्या चार ओळींतच तुम्ही स्वतःला ओळखाल. व्याख्यानं, प्रदर्शनं, लहान मुदतीचे अभ्यासक्रम यांच्या सूचना ज्या टेबलावरून निघतात, त्या टेबलामागे तुम्ही बसता. प्रदर्शनाच्या दालनाची किल्लीही तुमच्याकडेच असते. शनिवारी संध्याकाळी ती तुमच्याबरोबर घरी जाते, हे मला दालनाबाहेरच्या पहारेकऱ्याने सांगितलं. त्या रविवारबद्दल पुढे लिहिणारच आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमचं वाचनालय 'ब' वर्गाचं. अनुदान हप्त्याहप्त्याने येतं, पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून सरकवावी लागतात, पण आवक-जावक वही चोख असते. ही शिस्त आधीच्या ग्रंथपालांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तुमच्याकडून आलेलं प्रत्येक पत्र त्या वहीत नोंदलेलं आहे आणि एका फाइलीत लावलेलं आहे. परवा ती फाइल काढून बसले. 14 पत्रं निघाली. त्यांतली 12 कार्यक्रम उरकल्यानंतर पोचलेली. सगळ्यात वरचं पत्र घ्या. तुमचा जावक दिनांक 12 फेब्रुवारी, व्याख्यान 14 फेब्रुवारीला, आमचा आवक शिक्का 18 फेब्रुवारीचा. आणि सुरुवात 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की' अशी. 14 तारखेचं व्याख्यान 18 तारखेला कळवून आम्ही काय करावं, साहेब?

पोस्टाकडे बोट दाखवू नका. 90 किलोमीटरला पोस्टाने 6 दिवस लावले, ते चुकलंच. पण बाहेरगावचा वक्ता विद्यापीठात दोन दिवसांत ठरत नाही. त्याच्या मानधनाची मंजुरी, अतिथिगृहातली खोली, सभागृहाचं आरक्षण, हे कागद महिनाभर आधी तुमच्याच टेबलावरून फिरून गेलेले असतात. शालीचं बिलसुद्धा वेळेत मंजूर होतं. ऐकणाऱ्याला बोलावण्याचं काम तेवढं शेवटच्या दोन दिवसांवर ढकललं जातं.

जी दोन पत्रं वेळेत आली, त्यांनी मला जास्त पोळलं.

पहिलं पत्र भूजलावरच्या व्याख्यानाचं. मार्च महिना, मंगळवार, सकाळी साडेअकरा. मी ते वाचनालयाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. आमच्याकडे तेव्हा उन्हाळी कांद्याची काढणी चालू होती. मजूर शेतात असताना मालकाने गाव सोडायचं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा. तरी तिघे जण माझ्याबरोबर यायला तयार झाले. त्यांतल्या एकाने तीन वर्षांत चार बोअर घेतले होते आणि चारही कोरडे गेले होते. त्याच्यासाठी हे व्याख्यान म्हणजे ज्ञानाची हौस भागवण्याचा कार्यक्रम नव्हता. पाचवा बोअर घ्यायचा की नाही, हे त्याला त्या दिवशी कळायला हवं होतं.

पहाटेची एसटी पकडून आम्ही अकराला पोचलो. पुढच्या तीन रांगांवर 'निमंत्रित' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या आणि शेवटपर्यंत त्या खुर्च्यांवर चिठ्ठ्याच बसल्या. मागे वर्गातून आणून बसवलेली मुलं होती. हजेरीचा कागद हातोहात फिरत होता. सही झाली की एकेक मूल मागच्या दाराने निसटत होतं. त्या मुलांना मी बोल लावणार नाही. सक्तीने बसवलेलं माणूस ऐकत नाही. कार्यक्रम सुरू व्हायला बारा वाजून गेले. मग दीपप्रज्वलन, विद्यापीठगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप. परिचय करून देणाऱ्यांचाही परिचय झाला. वक्त्यांच्या वाट्याला जेमतेम 35 मिनिटं उरली.

आणि तो माणूस फार चांगला बोलला, साहेब. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक बसून तो झाला. या दगडात पाणी साठतं ते वरच्या कुजलेल्या थरात, म्हणजे आमच्या मुरमात, आणि खालच्या भेगांत, दोन थरांच्या सांध्यांत. म्हणून जितकं खोल तितकं पाणी हा हिशेब इथे चालत नाही. शेजाऱ्याच्या बोअरला लागलं म्हणून वीस फुटांवर आपल्याला लागेल, याचीही खात्री नाही. आमचा शेतकरी हे ऐकताना पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आला होता. भाषण संपताच त्याने हात वर केला. तेवढ्यात तुम्ही माइक घेतलात आणि म्हणालात, वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत. त्याचा हात वरच होता. आभाराचं भाषण मात्र 11 मिनिटं चाललं. मी घड्याळ लावून बसले होते.

खरं व्याख्यान त्यानंतर जिन्यात झालं. वक्ते खाली उतरत असताना आमच्या माणसाने त्यांना गाठलं. ते थांबले. निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी कातळाचे थर काढून दाखवले, शेत ओढ्याच्या कुठल्या अंगाला आहे, जुनी विहीर किती हात खोल आहे, तिला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, हे विचारून घेतलं. पाचवा बोअर घेऊ नका, जुनी विहीर आधी गाळ काढून बघा, असं सांगितलं. तेवढ्यात तुम्ही वरून हाक मारलीत, 'सर, फोटो राहिलाय.' ते गेले. ती पत्रिका त्या शेतकऱ्याने घडी घालून खिशात ठेवली. पुढे तुमच्या वार्षिक अहवालात मी वाचलं की या व्याख्यानाला 'नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' मिळाला. नागरिक आम्ही चौघे होतो. त्या सभागृहात आमच्याशी कुणीही एक शब्द बोललं नाही. तुम्ही ज्याचा प्रश्न तोडलात, त्याचीच अहवालात मोजणी केलीत. हे मला अजून गिळता येत नाही.

आता ते दुसरं पत्र. मोडी कागदपत्रांचं प्रदर्शन, सात दिवस, सर्वांसाठी खुलं.

आमचे एक जुने सभासद आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. वय 78, शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचन असं की कादंबरीतलं पान फाटलेलं असलं तर माझ्याआधी त्यांना कळतं. त्यांच्या घरात एक रुमाल आहे. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. ज्यांनी दफ्तरखाने पाहिलेत त्यांना तो शब्द सांगावा लागत नाही. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आबांकडे आला. आत पंधरा-वीस कागद, सगळे मोडीत. त्यांतला एक आडातल्या पाण्याच्या वाटणीचा आहे, असं आबांचे वडील सांगत. दुसऱ्या एकात कुळाचं मूळ गाव लिहिलेलं आहे म्हणतात. 'म्हणतात' एवढंच. कारण घरात आता कुणालाच ते वाचता येत नाही. शाळांमधून मोडी उठली त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. एका माणसाला आपल्याच आजोबांचं अक्षर परक्या देशाच्या लिपीसारखं वाटावं, याचं दुःख काय असतं ते आबांच्या तोंडावर दिसतं. ते रुमाल सोडतात, कागदावरून हात फिरवतात, पुन्हा बांधून ठेवतात.

मोडी नुसती बाराखडी गिरवून येत नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, बोरू शक्य तितका न उचलता. शब्द कुठे संपला हे दिसत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तारीख शुहूर सनात, म्हणजे इसन्ने, सलास, अर्बा, खमस अशा अरबी आकड्यांत. मधे मधे संक्षेप. शेजारी बसून बोट ठेवून सांगणारं माणूस लागतं. पैसे घेऊन वाचून देणारे आहेत, पण ते पानावर पैसे लावतात आणि खरं वाचलं की खोटं हे कळायला आपल्याकडे काहीच साधन नसतं. म्हणून विद्यापीठ. ते कुणाचा दलाल नाही, असं आबांना वाटतं. मलाही वाटतं.

आबांचा नातू एमआयडीसीत आहे, त्याला सुट्टी रविवारची. तुमच्या पत्रात सात तारखा होत्या आणि मधल्या रविवारी दालन बंद राहील असा शब्दही नव्हता. आम्ही रविवारी आलो. मुख्य फाटकापासून दालन किती लांब आहे ते तुम्ही गाडीतून येता म्हणून तुम्हाला जाणवत नसेल. आबा तीन ठिकाणी थांबले. दाराला कुलूप. पहारेकरी भला माणूस होता. त्याने स्वतःची खुर्ची आबांना दिली, पाणी आणून दिलं, दोन ठिकाणी फोन करून पाहिला. मग खाली मान घालून म्हणाला, 'मॅडम, किल्ली साहेबांकडं असते.'

आबा उठले आणि खिडकीच्या गजांना तोंड लावून आत बघू लागले. काचेखाली एक लांब कागद मांडलेला होता. उन्हाची तिरीप त्यावर पडली होती, तेवढाच भाग दिसत होता. त्यांनी नातवाला रुमाल सोडायला लावला, आपला एक कागद काढून गजांशी धरला आणि आतला कागद आणि हातातला कागद आळीपाळीने पाहत राहिले. 'रेघ बघ, सारखीच ओढलीय,' एवढंच म्हणाले. अर्धा तास ते तिथे उभे होते. साहेब, सात दिवसांच्या त्या प्रदर्शनाचा सगळ्यात खरा प्रेक्षक खिडकीबाहेर उभा होता, आणि तुम्ही किल्ली घेऊन घरी होतात.

दारावरच मोडीच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची सूचना लावलेली होती. मुदत तीन महिने. वर्ग सोमवार ते शुक्रवार, दुपारी 3 ते 5. पात्रता कोणत्याही शाखेची पदवी. अर्ज समक्ष, कार्यालयीन वेळेत, सोबत डिमांड ड्राफ्ट. आबांनी तिसरी ओळ वाचली आणि पुढचं वाचलं नाही. लिपी शिकायला पदवी कशासाठी लागते, हे मला समजावून सांगा. मोडीत लिहिणाऱ्या कारकुनांपैकी कुणाकडे पदवी होती? ज्यांच्या घरात कागद आहेत त्या शेतकरी, गुरव, सुतार, जोशी, कुलकर्णी यांच्या घरातले म्हातारे आज चौथी-सातवी शिकलेले आहेत. कागद त्यांच्याकडे, ओढ त्यांना, आणि दार उघडं कुणाला, तर ज्याच्या घरात कागद असेलच असं नाही त्याला. मी पदवीधर. मी रजा टाकून अर्ज भरला. मनात होतं की मी शिकेन आणि रोज संध्याकाळी आबांना शिकवेन. पहिल्या सोमवारी वर्गाला कुलूप. लिपिकाने सांगितलं, 20 विद्यार्थी झाले नाहीत, 7 झाले, वर्ग रद्द. सातांपैकी एकालाही फोन केलेला नव्हता. फायलीवर शेरा पडला 'अपुऱ्या प्रतिसादामुळे'. म्हणजे भूजलाच्या वेळी प्रतिसाद उत्स्फूर्त आणि मोडीच्या वेळी अपुरा. दोन्ही वेळा तो लिहिणारा हात तुमचा. ड्राफ्टचे पैसे परत मिळायला चार महिने लागले. त्याची तक्रार मी करत नाही. माझी तक्रार त्या सात माणसांसाठी आहे. सात जण पुरेसे असतात, साहेब. बोट ठेवून शिकवायचं असेल तर सातच बरे.

तुमच्या जागी बसलेल्या प्रत्येकाने असंच करायचं असतं असं नाही. या मुलखात लोकांसाठी शिकवण्याची वेळ लोकांच्या दिवसावरून ठरवायची रीत जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1855मध्ये कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवसा ती माणसं राबत असत. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला नावाप्रमाणे वसंतातच, उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत भरत आली. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. या तिन्ही ठिकाणी कुणीतरी आधी विचारलं होतं की ऐकणारा मोकळा कधी असतो. एवढ्या एका प्रश्नावर या माणसांनी आपापल्या संस्था उभ्या केल्या. तुमच्या टेबलावर तो प्रश्न कधी आला आहे का?

आणि हे जुन्या काळापुरतं नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ 2009पासून 'चाय अँड व्हाय' करतात, रविवारी सकाळी. जुहूच्या पृथ्वी थिएटरात, माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात. कुणीही यावं, काहीही विचारावं. पुण्यात आयुकामध्ये शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होतात, आणि तारीख लक्षात ठेवायला कुणाला पत्र लागत नाही. दुसरा शनिवार म्हटलं की झालं. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे लोकांची रीघ लागते. जयंत नारळीकरांसारखा माणूस शाळकरी पोरांच्या प्रश्नाला मराठीत उत्तर देत असे आणि स्वाक्षरी मागणाऱ्याला सांगत असे की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. त्या पोस्टकार्डाची आठवण मला तुमचं पत्र फोडताना दर वेळी येते.

माझ्या वडिलांच्या वेळी आमच्या वाचनालयातही बहिःशाल व्याख्यानं होत. पुणे विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंच्या नावाची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला अनेक गावांनी पाहिली आहे. आमच्याकडची मालाही त्याच वळणाची. प्राध्यापक एसटीने येत, कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी जेवत, रात्री साडेआठला चावडीपुढे बोलत. साडेआठला, कारण तोवर धारा काढून झालेल्या असत. बायका ओट्यांवर बसून ऐकत. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. सूर्यग्रहणावर बोलायला आलेल्या एका सरांनी कंदील, नारळ आणि लिंबू घेऊन आम्हाला पृथ्वी-चंद्र दाखवले होते. ते लिंबू मी घरी आणून ठेवलं, वाळेपर्यंत. ग्रंथपाल व्हावं असं मला त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं. विद्यापीठ एकदा माझ्या दारात आलं होतं, म्हणून आज मी तुम्हाला इतकं पोटतिडकीने लिहिते आहे. जिच्याकडे ते कधी आलंच नाही, ती मुलगी तुम्हाला पत्र लिहिणार नाही. तिला आपलं काय गेलं ते कळणारही नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्ही हौस म्हणून करतो, बंधन थोडंच आहे. आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1977मध्येच अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीने विस्तारकार्य हे उच्च शिक्षणाचं तिसरं अंग मानलं. 2016च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. कायद्याच्या नावातच 'सार्वजनिक' आहे. आमच्या वाचनालयाच्या पाटीवरही तोच शब्द आहे, आणि तो पाटीवर असल्यामुळे रविवारी सकाळी कितीही पाहुणे आले तरी मला कुलूप काढावं लागतं.

तुमच्याकडून काय हवं, ते अवघड नाही. पुढच्या तीन महिन्यांचे कार्यक्रम एका कागदावर छापा आणि महिनाभर आधी जिल्ह्यातल्या वाचनालयांना, ग्रामपंचायतींना, एसटी स्थानकांना पाठवा. पोस्टावर विश्वास नसेल तर व्हॉट्सअॅपवर पाठवा, मी माझ्या हाताने फळ्यावर लिहीन. लोकांसाठीचं व्याख्यान शनिवारी-रविवारी दुपारी ठेवा, म्हणजे शेवटच्या एसटीने परतता येईल. शाल एकच ठेवा, तीही शेवटी, आणि प्रश्नांना निम्मा वेळ द्या. लोकांच्या पाण्याबद्दल, पिकांबद्दल बोलायचं असेल तर पडद्यावरची अक्षरंही मराठीत असू द्या. प्रदर्शन रविवारी उघडं ठेवा आणि त्याबदली सोमवारी बंद ठेवा. पहारेकऱ्याला दुसरी किल्ली द्या. आमच्याशी तुमच्या इमारतीतल्या सगळ्यांपेक्षा तो चांगला वागला. मोडीच्या वर्गाची पात्रता खोडून तिथे 'मराठी वाचता येणारा कुणीही' असं लिहा. वर्ग रद्द करायचाच असेल तर अर्जदारांना फोन करा. आणि सात जणांसाठी तुमच्याकडे वर्ग भरत नसेल तर शिक्षक आमच्याकडे पाठवा. बाकं आमची, चहा आमचा, राहायला माझं घर.

त्या सात जणांपैकी चौघांशी मी नंतर बोलले आहे, ते यायला तयार आहेत. आबा धरून पाच. आबांनी रुमाल सध्या वाचनालयात ठेवला आहे, लोखंडी कपाटात, वरच्या खणात. घरी कसर लागेल म्हणाले. आठवड्यातून एकदा येतात, सोडतात, पाहतात, बांधून ठेवतात. कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे असते, दुसरी आम्ही टेबलाच्या खणात ठेवतो, म्हणजे मी नसले तरी त्यांना कागद बघता यावेत.

वाचनालय सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8 उघडं असतं, रविवारीसुद्धा. फळ्याचा उजवा अर्धा भाग मी कालच पुसून मोकळा ठेवला आहे. तुमच्या पुढच्या पत्राची वाट बघते आहे. आल्या दिवशीच आवक शिक्का मारीन.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक ग्रंथपाल